आधी एकट्यानं भेट

जय ख्रिस्त. नाशिकच्या शरणपूरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तू नवा आहेस आणि पहिल्याच वर्षी गायनमंडळात एकाशी खटका उडाला, म्हणून लिहितोय. घाबरू नकोस, सगळ्यांचं होतं.

सुरुवातीला बायबलमधलं मत्तय 18:15 तेवढं धर. भावानं अपराध केला तर त्याला एकांतात भेटून सांगायचं. एक-दोन साक्षीदार नंतर, मंडळी त्याच्याही नंतर. आपण नेमकं उलटं करतो: आधी पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) तक्रार, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायबलचं वचन टाकून टोमणा. मी तर प्रार्थनासभेत डोळे मिटून एकाला चांगलंच सुनावलं होतं. प्रार्थना कसली, भाषणच ते! तो सहा महिने बोलला नाही.

तेव्हा:
- मेसेज नको. गंगापूर रोडला चहाला बोलाव.
- आधी आपली चूक कबूल कर, "पण" न लावता.
- पैशाचा वाद असेल तर हिशोबाची वही सोबत ने. क्षमा केली म्हणून आकडे झाकायचे नसतात.

मारहाण किंवा लहान मुलांचा प्रश्न असेल तर मात्र हे लागू नाही. तिथे सरळ पोलिसांकडे जायचं.

साक्षीदार कोण निवडायचे, ते पुढचं. आधी या रविवारच्या उपासनेआधी त्याला फोन कर.