पोकलेनचा तापमान सेन्सर बदलला तरी लाल खूण येतेच, दोष कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की मशिन २० टनी आहे. तास-दीड तास काम झालं की डिस्प्लेवर पाण्याच्या तापमानाची लाल खूण येते, इंजिन दम सोडतं आणि बंद करून पुन्हा चालू केलं की काही वेळ बरं चालतं. मिस्त्रीने सेन्सर बदलूनही फरक नाही, आता तो आणखी एक आणायला सांगतोय.

मी अवजड मशिनांच्या वायरिंगचं काम करतो. माझं ऐकाल तर आणखी एक सेन्सर आणू नका. पाणी खरंच तापतंय की नुसता आकडाच खोटा येतोय, हे आधी ठरवा. ते ठरेपर्यंत पाना हातात घ्यायचाच नाही. बंद करून चालू केल्यावर बरं वाटतं, यावरून काहीच कळत नाही. पाच मिनिटांत पाणी थोडं निवतं आणि चावी फिरवल्यावर कंट्रोलर, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही नव्याने सुरू होतो, म्हणजे दोन्ही प्रकारच्या दोषात मशिन थोडा वेळ शहाण्यासारखंच वागणार.

बऱ्याच मशिनांत डिस्प्लेच्या सर्व्हिस मेनूत कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं चालू तापमान अंशांत दिसतं. तुमच्यात नसेल तर स्कॅनरवाल्याला बोलवा. ऑपरेटरला नेहमीसारखं काम करू द्या आणि तुम्ही फक्त आकड्यावर नजर ठेवा. इंजिन आणि रेडिएटर मिळून वीस-पंचवीस लिटर पाणी असतं. ते एका सेकंदात ८५ वरून ११५ ला जाऊच शकत नाही. आकडा अशी उडी मारत असेल तर दोष वायर, कपलर (वायर जोडायचा प्लग) किंवा सेन्सरमध्ये आहे. पण ८८, ९२, ९७ असा सावकाश चढत असेल आणि लोड कमी केल्यावर तसाच सावकाश उतरत असेल, तर सेन्सर खरं बोलतोय आणि दुखणं कूलिंगमध्ये आहे.

मग डिस्प्लेवर किंवा स्कॅनरवर दोषाचा कोड बघा. नुसतं 'टेम्परेचरचा कोड आहे' एवढ्यावर थांबू नका, त्यातले दोन्ही आकडे लिहून घ्या. एसपीएनचा आकडा दोष कशात आहे ते सांगतो, एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान. पुढचा एफएमआयचा आकडा दोष कुठल्या प्रकारचा ते सांगतो, खरी गोष्ट तिथेच कळते. ० किंवा १६ असेल तर सिग्नल नीट येतोय आणि तापमान खरोखर जास्त दिसतंय. ३ असेल तर सिग्नलचा व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर गेलाय, ४ असेल तर खाली आलाय. २ म्हणजे सिग्नल भरवशाचा नाही. काही कंपन्या स्वतःचे कोड दाखवतात, पण त्यांच्या मॅन्युअलमध्येही व्होल्टेज वर की खाली हे लिहिलेलं असतं.

३ आणि ४ चा उपयोग कसा करायचा ते नीट समजून घ्या, कारण निम्मं काम इथेच होतं. कंट्रोलर सेन्सरच्या वायरवर आपल्या आतल्या एका रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट देतो. सेन्सर जितका गरम, तितका त्याचा रेझिस्टन्स कमी आणि वायरवरचा व्होल्टेजही कमी. म्हणजे वायर तुटली की व्होल्टेज ५ च्या जवळ जातो आणि कंट्रोलरला पाणी बर्फासारखं थंड वाटतं. वायर बॉडीला टेकली की व्होल्टेज शून्याकडे येतो आणि पाणी भयंकर गरम वाटतं.

आता इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि सेन्सरचा कपलर काढा. थोड्या वेळात एफएमआय ३ यायला हवा. कपलर काढूनही ४ च राहिला तर सेन्सरचा काही संबंध नाही, वायर मध्येच कुठेतरी बॉडीला लागलीय. मग हार्नेसकडच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याकडच्या कपलरच्या दोन पिना बारीक वायरने जोडा. आता ४ यायला हवा. तरीही ३ च दिसला तर वायर तुटलीय किंवा पिन मागे सरकलीय. पिनेत मल्टीमीटरची जाड सुई मात्र खुपसू नका. पिन फाकते आणि पुढे तोच नवा दोष होऊन बसतो.

तुमच्यासारखंच एक मशिन खडी क्रशरवर पाहिलं होतं. आयडलला सगळं ठीक आणि फुल रेसला आकडा उड्या मारायचा. हार्नेसची क्लिप निघून पडली होती, त्यामुळे वायर एका ब्रॅकेटच्या धारेवर टेकून बसली होती. वरची जाळीदार पाइप बाहेरून धड दिसत होती. ती फिरवून पाहिली तेव्हा खालच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं कव्हर घासून गेलेलं आणि आतलं तांबं काळं पडलेलं दिसलं. रेस वाढली की वायर थरथरून ब्रॅकेटला लागायची. असा दोष मशिन उभं ठेवून सापडत नाही. इंजिन चालू असताना फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, लाकडी दांडक्याने हार्नेस जागोजागी हलवा आणि दुसऱ्याला आकडा बघायला लावा. आणखी एक, कूलंटबरोबर हवेच्या किंवा डिझेलच्या तापमानाचेही कोड एकदम आले असतील तर त्यांची सामायिक निगेटिव्ह वायर आधी तपासा.

सेन्सरवरच संशय असेल तर तो काढून ओहम मोजा. एक नेहमीचा प्रकार २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास आणि १०० ला १९० च्या आसपास दाखवतो. काही मशिनांच्या सेन्सरचा आकडा थंडपणी याच्या कितीतरी पट असतो, म्हणून तुमच्या मॉडेलचा तक्ता हाताशी हवाच. पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरबरोबर सेन्सर बुडवला तरी चालतं. फक्त पुणे-नगरच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, तेव्हा १०० चा हट्ट धरू नका. त्याहून सोपी परीक्षा सकाळी होते. रात्रभर उभ्या मशिनला चावी देऊन कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्ही आकडे एकमेकांच्या आणि बाहेरच्या हवेच्या जवळपास यायला हवेत.

हे ओहमचे आकडे सांगण्यामागे मला एक धोका दाखवायचा आहे. कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढून १३० ओहमचा अडथळा तयार झाला, तर १०० अंशांचं पाणी कंट्रोलरला ८० दिसतं. कोड नाही, लाल खूण नाही, कंट्रोलरच्या हुकमावर चालणारा फॅनही हळूच फिरतो आणि हेड गॅस्केट जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. उलट कपलरमध्ये ओल शिरली की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. प्रेशरने इंजिन धुतल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर आधी तिथेच बघा.

आकडा खरा निघाला, तर रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या मधला भुसा, बेल्ट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण बघा. झाकण गरम असताना उघडू नका. हवा फॅनच्या उलट दिशेने आणि बेताच्या प्रेशरने मारा, नाहीतर जाळी वाकते. पाणी कमी असेल तर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि आकडा काहीही दाखवतो, म्हणून पातळी सगळ्यात आधी. लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनने पडताळायचं असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून तिच्यावर रोखा. चकचकीत धातूवर गन कमी आकडा दाखवते.

कुणी सेन्सरच्या जागी रेझिस्टन्स लावून लाल खूण घालवून देतो म्हणाला तर त्याला मशिनला हात लावू देऊ नका. हेड तडकलं तर तो खर्च तुमच्या माथी येईल. कोडचे दोन्ही आकडे, सकाळचं थंड तापमान आणि आकडा उडी मारतो की चढतो, एवढं इथे लिहा. कुठली वायर धरायची ते मग नेमकं सांगता येईल.