नावाला किती, मशीनला किती? ड्रेस वॉचविषयी वाचकांचे प्रश्न

तुळशीचं लग्न जवळ आलं की पत्रांतले बाकीचे विषय मागे पडतात आणि घड्याळं पुढे येतात. या खेपेला निवडलेले प्रश्न जवळजवळ सगळे ड्रेस वॉचचे आहेत, म्हणजे कार्यक्रमाला, सूटवर किंवा चांगल्या शर्टावर घालायच्या साध्या, पातळ घड्याळाचे. किमती दर काही महिन्यांनी हलतात, तेव्हा खालचे आकडे अंदाजाचे समजावेत.

डिसेंबरात लग्न आहे. सासऱ्यांकडून घड्याळ मिळणार आहे, बजेट वीस हजारांच्या आत. सूट आणि शेरवानी, दोन्हीवर चालायला हवं. मित्रमंडळी म्हणतात, मोठ्या डायलचं घे, फोटोत उठून दिसेल. (राजारामपुरी)

फोटोत फेटा दिसणार, मुंडावळ्या दिसणार, शेजारी नवरी दिसणार. घड्याळ कुणी बघत नाही हो. आणि ४४ मिलिमीटरची थाळी मनगटावर बांधलीत, तर दहा वर्षांनी अल्बम उघडल्यावर तीच आधी नजरेत येईल आणि खटकेल.

ड्रेस वॉच शर्टाच्या कफाखाली सहज सरकलं पाहिजे. दुकानात जाताना पूर्ण बाह्यांचा, कफाचं बटण लावलेला शर्ट घालून जा. टी-शर्टवर गेलात तर निम्मी परीक्षा राहूनच जाते. सर्वसाधारण मनगटाला ३६ ते ३९ मिलिमीटरचा डायल पुरतो. पण डायलपेक्षाही पट्टा अडकतो ते वरचे-खालचे दोन कान महत्त्वाचे. त्या टोकांमधलं अंतर मनगटाच्या रुंदीबाहेर गेलं, तर घड्याळ कितीही भारी असो, उसनं आणल्यासारखं दिसतं. जाडी नऊ-दहा मिलिमीटरच्या आत असावी. डायल पांढरा किंवा मोतिया, काटे दोन किंवा तीन, आणि तारखेची खिडकी नसलेली बरी. स्टॉपवॉचची छोटी वर्तुळं, फिरती रिंग, चंद्र-सूर्य यातलं काही नको.

तुमच्या बजेटात मी पहिलं नाव घेईन टायटन एजचं. २००२ साली ते आलं तेव्हा आतलं मशीन १.१५ मिलिमीटर आणि अख्खं घड्याळ ३.५ मिलिमीटर जाडीचं होतं. एवढं पातळ काम होसूरच्या कारखान्यात झालं, याचं कौतुक आपल्याकडे हवं तेवढं झालं नाही. ऑटोमॅटिकच (म्हणजे सेलशिवाय, हाताच्या हालचालीने चावी भरणारं) हवं असेल तर जपानी ओरिएंटचं बँबिनो. घुमटासारखी काच, जुन्या वळणाचे आकडे, दिसायला नाद खुळा. पण जाडी बारा मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे घट्ट कफात अडकतं, आणि ४०.५ चं मॉडेल बारीक मनगटाला मोठं होतं. घ्यायचंच तर ३८ चं पाहा. सेल बदलायची कटकट नको असेल तर सिटिझनचं उजेडावर चालणारं इको-ड्राइव्ह आहे.

आणि एक, मॉडेलचं नाव सासऱ्यांच्या कानावर आधीच घाला. ‘सरप्राइज’ म्हणून सोनेरी साखळीचं काहीतरी हातात पडलं, तर पुढची कित्येक वर्षं सणावाराला तेच घालावं लागेल.

एकाच किमतीच्या आसपास तीन घड्याळं पाहिली: टायटन, टिसो आणि एका इटालियन फॅशन ब्रँडचं. दुकानदार म्हणतो, स्विसला वारसा आहे, टायटन कालचं पोर. वारशासाठी किती जादा मोजावेत? (इचलकरंजी)

हा प्रश्न जरा सविस्तर घेऊ, कारण सध्या सगळ्यात जास्त पैसे याच एका शब्दावर काढले जातात.

डायलवरचं साल वाचून तीन गोष्टी विचारायच्या. त्या साली कंपनीने नेमकं काय सुरू केलं? आज ती कुणाच्या हातात आहे? आणि आतलं मशीन कोण बनवतं? यांची उत्तरं एकाच धाग्यात ओवली गेली तर वारसा खरा. मध्येच धागा तुटला असेल तर आपण फक्त नावाचे पैसे देतो.

टिसो घ्या. १८५३ साली स्वित्झर्लंडमधल्या ल लॉक्ल गावात बापलेकांनी सुरू केलेली कंपनी. १९३० मध्ये ओमेगाशी हातमिळवणी झाली, आज दोघीही स्वॉच ग्रुपमध्ये आहेत आणि मशीन त्याच ग्रुपच्या ईटीए कारखान्यातून येतात. मालक बदलले, पण घड्याळ बनवणं थांबलं नाही. धागा शाबूत आहे. मात्र टिसोचं स्वस्तातलं सेलवरचं मॉडेल घेऊन ‘स्विस कारागिराने भिंग लावून जोडलं’ असं मनात आणू नका. ते यंत्रावर, लाखांच्या संख्येने निघालेलं चांगलं मशीन आहे, इतकंच. ‘स्विस मेड’ लिहायलासुद्धा २०१७ पासूनचा नियम असा की उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला हवा. उरलेला कुठूनही आलेला चालतो.

आता फेवर ल्युबा. आपल्याकडच्या आजोबांच्या पिढीत हे नाव घराघरात होतं. साल १७३७, म्हणजे टिसोपेक्षा शंभरावर वर्षं जुनं. पण सेलची घड्याळं आल्यावर ही कंपनी कोलमडली, नाव या हातातून त्या हातात गेलं, २०११ मध्ये आपल्या टायटननेच ते विकत घेतलं आणि पुढे तेही दुसऱ्या भारतीय समूहाकडे गेलं. आज त्या नावाने निघणारं घड्याळ चांगलं असेलही, पण तुमच्या आजोबांच्या सी-चीफ मॉडेलशी त्याचं नातं आडनावापुरतं. त्याची किंमत करायची ती आजच्या घड्याळाकडे बघून. १७३७ या आकड्याचा त्यात फारसा संबंध नाही.

दुकानदाराचं ‘कालचं पोर’ हे मला पटत नाही. टायटन १९८४ ची, टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळाची. चाळीस वर्षं सलग मशीन, केस आणि डायल स्वतः घडवणारी कंपनी पोर कशी? आणि वय हाच निकष असेल तर जपानची सेको १८८१ ची आहे. टोकियोत हातोरी किंतारोंच्या दुकानातून सुरू झालेल्या या कंपनीने २५ डिसेंबर १९६९ ला ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झवर (म्हणजे सेल आणि स्फटिकावर) चालणारं पहिलं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बंद पडले. वारसा म्हणतात तो याला. तरीही ‘स्विस’ शब्दापुढे आपल्या काउंटरवर सेकोला दुय्यम वागणूक मिळते.

तिसरं, फॅशन ब्रँड. एम्पोरिओ अरमानीची घड्याळं अमेरिकेच्या फॉसिल कंपनीने परवान्यावर बनवलेली असतात. टॉमी हिलफिगरचा परवाना मोव्हाडो समूहाकडे. यात फसवणूक काही नाही, पण वारसा असला तर तो कपड्यांचा. त्या पैशात मिळणारं मशीन बहुतेक वेळा निम्म्या किमतीच्या घड्याळातही असतं. तीनपैकी हे मी आधी बाजूला ठेवीन.

आता ‘किती जादा’चं. काच नीलमची (सहसा ओरखडा न पडणारी) आहे का, केस ३१६एल या न गंजणाऱ्या स्टीलची आहे का, सर्व्हिस कोल्हापुरात होते की घड्याळ पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, हे सगळं सारखं उतरलं तर नावासाठी दहा-पंधरा टक्के जादा द्यायला माझी हरकत नाही. नाव बघूनही आनंद होतोच की. त्याच्या वर गेलात तर ती हौस आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते मोल वारशाच्या खात्यात टाकू नका.

घड्याळ घेतलं तर दहा वर्षांनी विकून किती येतील? (शाहूपुरी)

या किमतीत निम्मेही येणार नाहीत. गुंतवणूक करायची असेल तर सोन्याचांदीची गुजरी तुमच्यापासून लांब नाही.

उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं, सुरुवातीला छान चाललं. आता रोज पाच-सहा मिनिटं पुढे पळतं. माल खराब निघाला का?

सर्फेस ग्राइंडरचं मॅग्नेटिक चक, म्हणजे जॉब चुंबकाने धरून ठेवणारं, शेडमध्ये असेलच. नव्वद टक्के शक्यता, घड्याळाला चुंबक लागलाय. आत बॅलन्स व्हीलला (पुढे-मागे डुलून वेळ मोजणाऱ्या चाकाला) केसापेक्षा बारीक स्प्रिंग असते. चुंबकत्वाने तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि चाक वेगाने डुलायला लागतं. म्हणून पुढे जातं, एकदम आणि मिनिटांनी. तेल सुकल्याचा बिघाड असता तर फरक इतका झपाट्याने पडला नसता. साधं होकायंत्र घड्याळाजवळ धरा. सुई थरथरली किंवा फिरली की समजायचं. घड्याळजीकडे डिमॅग्नेटायझर असतो, मिनिटाचं काम आहे, मशीन उघडावं लागत नाही.

चांगल्या स्थितीतलं ऑटोमॅटिक किती चुकावं, याचाही अंदाज हवा. ओरिएंटसारखी कंपनी स्वतःच दिवसाला २५ सेकंद पुढे ते १५ सेकंद मागे एवढी सूट घेते. सेलचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं, कारण त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि तुमचं बॅलन्स व्हील त्याच सेकंदात जेमतेम सहा ठोके देतं. मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या माणसाला हे पचायला जड जाईल, कळतंय मला. पण साध्या गिअरवर आणि स्प्रिंगवर चालणारं यंत्र दिवसभरात वीस सेकंदच चुकतं, हे तुम्हीच जास्त चांगलं समजू शकाल.

शेडमध्ये मात्र ते घालू नका. चुंबकाचं सोडा, चालत्या लेथजवळ पट्टा, अंगठी, कडं काहीच नको.

वडिलांचं १९७० च्या दशकातलं एचएमटी आहे. डायल पिवळा पडलाय. एक जण नवा डायल बसवून देतो म्हणाला. मुलगा म्हणतो, ऑनलाइन दीड हजारात रंगीत डायलचं एचएमटी मिळतं, तेच घेऊ. (कागल)

दोन्ही करू नका.

उद्यमनगरात एचएमटी म्हटलं की अजून आधी लेथ आठवतो, आणि ते बरोबरच आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स ही यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने तिने बंगळूरला घड्याळं सुरू केली. जनता, पायलट, कोहिनूर, पातळ सोना, ऑटोमॅटिक कांचन. एक काळ असा होता की जावयाला कांचन मिळालं की सासऱ्याची वट वाढायची. २०१६ मध्ये घड्याळांचा विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. तेव्हापासून जुन्या एचएमटीची मागणी वाढली आणि त्याबरोबर भेसळही.

ऑनलाइन मिळणारे भडक निळे, हिरवे, गुलाबी डायल बहुतेक नव्याने रंगवलेले असतात. केस एका मॉडेलची, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं. देवनागरी आकड्यांची जनता खरोखर निघायची, पण आज बाजारात दिसणाऱ्या तिच्या प्रतींत असे जुळवाजुळव केलेले नगच जास्त सापडतात. अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसल्या, मिनिटांच्या रेषा काट्याच्या टोकाशी जुळत नसल्या, की सोडून द्या.

तुमच्या वडिलांच्या घड्याळाचं मशीन बहुधा १७ ज्वेलचं, चावीचं असेल. (ज्वेल म्हणजे कारखान्यात बनवलेले माणिक. घर्षण कमी करायला चाकांच्या टोकांना बसवतात. त्यांना बाजारात शून्य किंमत.) घड्याळजीला सांगून पूर्ण उघडून स्वच्छ करून घ्या, तेल घालून घ्या. काच प्लास्टिकची असते, ओरखडे पॉलिशने जातात. पिवळा डायल तसाच ठेवा. एकदा रंगवला की मूळचा परत येत नाही. पट्टा नवा, काळा किंवा तपकिरी, साधा. एवढं केल्यावर तुमच्या मुलाच्या हातात ३५ मिलिमीटरच्या आसपासचं असं ड्रेस वॉच येईल, ज्याच्या वारशाबद्दल कुणाला विचारायला नको. रोज साधारण त्याच वेळी चावी द्यायची, अडेल तिथे थांबायचं, जोर करायचा नाही.

कॉलेजात शिकवते. बायकांच्या घड्याळांत खडे, फुलं आणि बांगडीसारखे पट्टेच दिसतात. साडीवर जाईल असं साधं काही? (ताराबाई पार्क)

पुरुषांच्या काउंटरवर जा. ३४-३६ मिलिमीटरचं पातळ घड्याळ तुमच्या हातावर उत्तम दिसेल, फक्त पट्ट्याला एक-दोन भोकं जास्तीची पाडून घ्यावी लागतील. वेगळं काही हवं असेल तर चौकोनी डायल पाहा. ही घडण कार्तिएच्या १९१७ च्या टँकवरून आली. अस्सल टँक आपल्या आवाक्यातलं नाही, पण तसा आकार इतर कंपन्याही काढतात आणि आठ-दहा हजारांत नीट बनवलेली चौकोनी घड्याळं मिळतात. काठपदराच्या साडीवर, बांगड्यांच्या दुसऱ्या हातात, ती गोल घड्याळापेक्षा जास्त शोभतात असं माझं मत.

चामड्याचा पट्टा आपल्या पावसात टिकतो का? आणि ३० मीटर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं घड्याळ भिजलं तर? (गगनबावडा)

तुमच्याकडून हा प्रश्न येणं साहजिकच. ३० मीटर म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात चालेल असं नव्हे. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. व्यवहारात हात धुताना उडालेले शिंतोडे आणि चार थेंब, एवढंच. तुमच्याकडच्या आडव्या पावसात दुचाकीवर ते घालू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात ठेवा आणि हॉलवर पोचल्यावर बांधा. काचेखाली धुकं दिसलं तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून वाट बघू नका, तेवढ्यात काट्यांना गंज चढतो.

चामड्याचा पट्टा भिजला तर सावलीत सुकवा. आपल्या कोल्हापुरी चपलांचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, आणि तशाच चामड्याचा पट्टा चप्पल लाइनमधल्या एखाद्या जाणत्या कारागिराकडून करून घेण्याची कल्पना मला फार आवडते. मात्र चपलेची जाडी घड्याळाला चालत नाही. दोन मिलिमीटरपर्यंत तासून घ्या आणि घड्याळ सोबत न्या, कारण कानांमधली रुंदी कुठे १८ असते, कुठे २०, आणि अर्ध्या मिलिमीटरनेही पट्टा डुगडुगतो. नवा असताना घामाने रंग सोडतो, तेव्हा पहिला महिनाभर पांढऱ्या शर्टावर घालू नका.