१९९८ ची जिप्सी किंग आहे, इंजिनचं हेड घरच्या घरी उतरवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी घाटात तापते, आठवड्याला लिटरभर पाणी कमी होतं आणि सकाळी सुरू केली की पांढरा धूर येतो. गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं चपटं सील, गेल्याचं सांगितलं आणि गाडी आठ दिवस ठेवायला सांगितली. तुम्हाला पाने धरायची सवय आहे, पण इंजिन कधी उघडलेलं नाही. घरी जमेल का?

जमेल. माझ्या १९९९ च्या किंगचं हेड मी घराच्या पडवीत दोनदा उतरवलंय, तेही इंजिन गाडीतच ठेवून. पहिल्या वेळी चार दिवस लागले, दुसऱ्या वेळी दोन. प्रत्यक्ष हेड उचलायला अर्धा तास पुरला. बाकी सगळा वेळ आधीच्या तयारीत आणि हेड निघाल्यावर आत काय दिसतंय ते नीट बघण्यात गेला. तुम्हीही वेळ तिथेच द्या, एवढा माझा आग्रह आहे.

उघडायच्या आधी गॅस्केट खरंच गेलंय ना, याची खात्री करा. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर कुठल्याही गाडीतून येतो. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखं पिवळट काहीतरी दिसलं, तर तेही कधी कधी फक्त दमटपणामुळे असतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं गढूळ झालं असेल तर मात्र पाणी आत जातंय. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, गाडी सुरू करा आणि बघत राहा. एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. गरम इंजिनवर हे झाकण कधीही उघडू नका. मग चारही प्लग काढून ओळीने कागदावर ठेवा. तीन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जातंय. कॉम्प्रेशन गेज कोणाकडे मिळालं तर चारही आकडे लिहून ठेवा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय.

आता तुमचं इंजिन. १९९६ ला किंग आली तेव्हापासून २००० साली एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं इंजिन) येईपर्यंत त्यात १२९८ सीसीचं, कार्ब्युरेटरचं, आठ व्हॉल्व्हचं इंजिन असायचं. तुमचं आणि माझं तेच. पुढचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन वेगळं आहे, त्याचे आकडे इथे लावू नका. आपल्या इंजिनात हेडही अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचाच, आत लोखंडी लायनर, म्हणजे सिलिंडरच्या नळ्या. जुन्या ९७० सीसीच्या जिप्सीचा ब्लॉक बिडाचा होता, तो बराच सोसून घ्यायचा. अ‍ॅल्युमिनियम सोसत नाही. गरम असताना बोल्ट सैल केले तर हेड वाकतं, जास्त आवळले तर आटे जातात. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळीच काम सुरू करा.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. कूलंट बादलीत उतरवा आणि बादली लगेच झाका. त्याची चव गोड असते, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. एअर फिल्टर, होजेस, वायरी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल हे सगळं काढताना प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तोच आकडा घाला. कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या दिसायला अगदी सारख्या असतात. मी पहिल्या वेळी नुसत्या मोबाइलच्या फोटोंवर विसंबलो आणि दोन नळ्यांची अदलाबदल झाली. गाडी आठ दिवस आयडलिंगला धरत नव्हती. पेट्रोलच्या नळीच्या तोंडात बसेल असा बोल्ट खुपसून ती बंद करा, आणि आसपास कुठे शेगडी किंवा देवाजवळचा दिवा पेटलेला नाही ना, ते बघा.

एक्झॉस्टच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मॅनिफोल्ड, म्हणजे हेडला जोडलेला धुराचा फाटेदार पाइप, हेडपासून सोडवत बसू नका, खालचा पाइप मॅनिफोल्डपासून सोडवा आणि हेड मॅनिफोल्डसकट उचला. पंचवीस वर्षं तापून गार झालेले ते स्टड तुटले की दोन दिवस वाढतात. मॅनिफोल्ड नंतर टेबलावर आरामात निघतं.

पुढून फॅन, पुली, टायमिंगचं कव्हर काढलं की क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) यांना जोडणारा टायमिंगचा पट्टा दिसतो. प्लग काढलेलेच आहेत, त्यामुळे क्रँक हाताने सहज फिरतो. तो पुढून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि क्रँकच्या पुलीवरची व कॅमच्या पुलीवरची खूण आपापल्या खाचांसमोर आणा. मग प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, आतला फिरता रोटर कुठे तोंड करून आहे ते बघा आणि नेमकं तिथे बाहेरच्या अंगावर नेलपॉलिशने रेघ मारा. खुणा जुळल्या म्हणजे एक नंबरचा सिलिंडर फायरिंगवर, म्हणजे ठिणगी पडायच्या जागी आला, असं धरून चालू नका. जोडताना बरेच जण इथेच फसतात. डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या बाजूला आहे. त्याच्या केसिंगमध्ये ऑइल असतं, तो काढताना खाली फडकं ठेवा. मग टेन्शनर सैल करून पट्टा उतरवा.

व्हॉल्व्ह कव्हर काढलं की हेडचे बोल्ट दिसतात. ते सोडवायचे बाहेरच्या टोकांकडून मधे येत, समोरासमोर आणि तीन फेऱ्यांमध्ये. पहिल्या फेरीत प्रत्येक बोल्ट फक्त पाव वळसा. पान्याची गोटी (सॉकेट) सहा कोनांची घ्या, बारा कोनांची बोल्टचं डोकं गोल करते. दांडा लांब असू द्या आणि जोर एकसारखा लावा, झटके देऊ नका. कागदी पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून त्याच जागी भोकं पाडा आणि निघालेला बोल्ट आपापल्या भोकात खोचून ठेवा.

माझ्या गाडीत मागच्या बाजूचा एक बोल्ट सुटताना विचित्र लागला. आधी कडक, मग एकदम मऊ, पण वर येईना. हळूहळू फिरवत बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत चंदेरी तार गुंडाळलेली. ती तार म्हणजे ब्लॉकचे आटे होते. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, न वापरता अंदाजाने आवळला होता. मी तसाच खाली बसलो, वाटलं ब्लॉकच गेला. गावातल्या लेथवाल्या काकांना फोन केला. ते संध्याकाळी टॅप घेऊन घरी आले, भोक मोठं करून त्यात हेलिकॉइल बसवलं, म्हणजे स्टीलच्या तारेचे नवे आटे. ‘घाबरू नको, हे आधीच्यापेक्षा पक्कं झालं,’ म्हणाले. त्या बोल्टने आजपर्यंत त्रास दिलेला नाही. तुमच्याही एखाद्या बोल्टला चंदेरी चुरा दिसला तर पुढे जाऊ नका, आधी आटे दुरुस्त करून घ्या.

बोल्ट निघाले तरी हेड चिकटून बसलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका, एक ओरखडा पडला तरी नवं गॅस्केट तिथून गळतं. मॅनिफोल्ड धरून हेड पुढे-मागे हलवा, किंवा लाकडी ठोकळा लावून हातोडीने हलके ठोके द्या. सुटताना ‘च्चक’ असा ओला आवाज येतो. मग सरळ वर उचला, कारण जागेवर बसवणाऱ्या पिना असतात. हे एकट्याचं काम नाही. माझा धाकटा भाऊ समोरच्या बाजूने धरायला होता, तरी पाठ धरली होती.

आता घाई करू नका. हात पुसा, टॉर्च घ्या आणि गॅस्केट बघा. माझ्यात तीन नंबरच्या कड्यापासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत बोटाच्या पेराएवढी काळी रेघ होती. खाली एक, दोन आणि चार नंबरचे पिस्टन कार्बनने काळे, आणि तीन नंबरचा वाफेने धुऊन भांड्यासारखा चकचकीत. प्लगने सांगितलं होतं तेच इथे डोळ्यांना दिसलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या पाण्याच्या भोकाची हेडमधली कड उंदराने कुरतडल्यासारखी झालेली होती. गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं साधं पाणी भरलेलं होतं. कूलंटमधलं गंजरोधक रसायन नसेल तर अ‍ॅल्युमिनियम असं झिजत जातं.

सफाई करताना चारही सिलिंडरमध्ये आणि पाणी-तेलाच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबा. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश अजिबात नको, ती धूळ ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. पावसाळ्यात काम करत असाल तर रात्री लायनरला तेलाचा हात फिरवून वर कापड झाका. लोखंड आहे, एका रात्रीत तांबडं होतं. बोल्टच्या भोकांमधलं पाणी आणि तेल सिरिंजने ओढून काढा आणि भोकं कोरडी करा. तळाशी पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ते दबून ब्लॉक फुटू शकतो, आणि टॉर्कचा आकडाही खोटा दिसतो.

हेडवर स्टीलची सरळ पट्टी लांबीत, आडवी आणि दोन्ही तिरक्या रेषांत ठेवा आणि खाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पात, सरकवून बघा. ०.०५ मिमीची पात कुठेही आत गेली तर फेसिंग, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करणं, लागेल. ते घरी करायचं काम नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड घासणारे व्हिडिओ असतात, ते बघून मोह होतो, पण हे हेड तसं करू नका. लेथवर न्या, आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. तडा असेल तर बहुतेक वेळा दोन व्हॉल्व्हच्या सीटमधे असतो आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. फेसिंग लागेल तेवढंच करायला सांगा. हेड बाहेर आलंच आहे, तर व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवून घ्या आणि व्हॉल्व्हचे ऑइल सील बदला. टायमिंगचा पट्टा जुना असेल तर तोही.

जोडणी म्हणजे हाच प्रवास उलटा, पण इथे टॉर्क रेंच नसेल तर काम सुरूच करू नका. भाड्याने आणा, मित्राचा आणा. गॅस्केट कोरडं लावायचं, त्यावर कुठलीही पेस्ट नको. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली तेलाचा थेंब, आणि आवळणी मधून बाहेरच्या टोकांकडे, तीन टप्प्यांत. या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाला शेवटचा आकडा ६.५ ते ७ किलोग्रॅम-मीटर (kgf·m) आहे, म्हणजे साधारण ६५ ते ७० न्यूटन-मीटर. पट्टा चढवायच्या आधी टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट ठरवणारे, स्क्रू सगळे सैल करा, म्हणजे कॅम मोकळा फिरतो. पट्टा चढला, टेन्शनर बसला की क्रँक हाताने पूर्ण दोन वळसे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका, परत उघडा. टॅपेटची फट थंड इंजिनावर इनटेकला ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.१८ मिमी ठेवा, आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

जुनं ऑइल आणि फिल्टर टाकून द्या. नवीन भरून पाचशे किलोमीटरनंतर तेही बदला, कारण आत राहिलेलं पाणी त्यात उतरतं. कूलंट निम्मं, शुद्ध पाणी निम्मं.

आणि गाडी तापत का होती, हे शोधल्याशिवाय घाटात नेऊ नका. गॅस्केट स्वतःहून क्वचितच जातं. माझा रेडिएटर उघडून घेतला तेव्हा निम्म्या नळ्या क्षाराने बंद होत्या, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, कोणीतरी काढून फेकलेला होता. नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळून तो त्यात टाका, उघडताना दिसला पाहिजे. रेडिएटरचं झाकणही नवीनच घ्या, जुन्याची स्प्रिंग दाब धरत नाही.

उघडायला बसाल त्या आधी चारही प्लगचा, ओळीत ठेवलेला, उजेडातला फोटो आणि कॉम्प्रेशनचे आकडे इथे टाका. कुठल्या सिलिंडरकडे बघायचं ते आपण आधीच ठरवू.