वडिलांची शुगर घरच्या मशीनवर सातला १६७ आणि लॅबमध्ये साडेनऊला १४८, मशीन खराब आहे का?

खराब वाटत नाही मला, लगेच फेकू नका. ग्लुकोमीटरसाठी, म्हणजे या घरच्या मशीनसाठी, २०१३ चं जे आयएसओ (आंतरराष्ट्रीय) स्टँडर्ड आहे ना त्यात शुगर १०० किंवा वर असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, १०० च्या खाली असेल तर १५ पॉइंट, आणि तेही शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे पाच वेळा त्याच्याही बाहेर गेलं तरी मशीन पासच. लॅबचे १४८ धरले तर १२६ ते १७० मधलं काहीही चालतं, तुमच्या वडिलांचे १६७ त्यात बसतात.

त्यात तुम्ही घरी सातला टोचलं आणि लॅबला साडेनऊला रक्त दिलं, मग दोन्ही आकडे जुळतील कसे? आणि लॅबवाल्याने फ्लोराईडच्या (साखर टिकवणाऱ्या) ट्यूबमध्ये रक्त घेतलं नसेल आणि ती तशीच पडून राहिली तर रक्तातल्या पेशीच साखर खात बसतात, तासाला ५-७ टक्के कमी होते. जेवणानंतरची तपासली तर फरक अजून मोठा दिसेल, कारण तेव्हा बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते, उपाशीपोटी जवळपास सारखी.

खरा घोळ बहुतेक वेळा बोटावर असतो बघा. मागच्या मे महिन्यात आई आमरसासाठी आंबे पिळत होती, तशीच उठली, हात नुसते पदराला पुसले आणि टोचलं तर ३१२! मी डॉक्टरांना फोन लावणार तेवढ्यात बायको म्हणाली अहो आधी हात तर धुवायला सांगा. साबणाने धुऊन, कोरडे करून परत घेतली तर १७४. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून हे भागत नाही, फळाची साखर चिकटून राहते. आणि थेंब येत नाही म्हणून बोट कचकचून पिळू पण नका, हात खाली सोडून जरा चोळा, येतो.

दुसरं म्हणजे मशीनमध्ये घालायच्या पट्ट्या, त्या दमट हवेने खराब होतात. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे डबीचं झाकण उघडं राहिलं की संपलंच, आणि आमचे काका तर चार चार पट्ट्या कागदाच्या पुडीत घालून खिशात ठेवायचे (वर मशीनलाच शिव्या). डबीवरची एक्सपायरी बघा, उघडल्यावर किती दिवस चालते तेही त्यावरच लिहिलेलं असतं.

वडिलांचं हिमोग्लोबिन कमी आहे का तेही बघा, रक्त कमी असलं की बरीच मशीनं शुगर जास्त दाखवतात.

तरी शंका असेल तर पुढच्या वेळी मशीन लॅबमध्येच घेऊन जा, उपाशीपोटी, शिरेतून रक्त काढलं की तिथल्या तिथे बोट टोचा. तेव्हाही पंधरा टक्क्यांच्या बाहेर गेलं तर आधी नवी डबी उघडून बघा, मशीनचं नंतर.