वाचक विचारतात : संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी

27 जानेवारी जवळ आला की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराविषयी आमच्याकडे पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

नववी-दहावीच्या मुलांना संहारातून वाचलेल्या व्यक्तीची चित्रित साक्ष दाखवायची आहे. हाताशी दोन तासिका आहेत. काय दाखवावं, कसं दाखवावं? – एक शिक्षिका, म्हापसा

दोन तासिका पुरेत, पण साक्ष एकाच माणसाची घ्या. चार जणांचे तुकडे जोडले की मुलांच्या लक्षात नुसता छळ राहतो, माणूस निसटतो.

अमेरिकेतल्या यूएससी शोआ फाउंडेशनकडे 50 हजारांहून जास्त साक्षी आहेत. संस्था 1994 साली सुरू झाली आणि बहुतेक साक्षी त्याच दशकातल्या. नावनोंदणी केली की त्यांतल्या हजारो घरबसल्या मोफत पाहता येतात. त्यांच्या ‘आयविटनेस’ या शाळांसाठीच्या संकेतस्थळावर वर्गाला झेपतील असे छोटे भागही मिळतात. पूर्ण साक्ष दोन तासांच्या आसपास चालते, पण तिची मिनिटामिनिटाची विषयवार सूची केलेली असते. त्यामुळे शाळा, ताटातूट, सुटका असं शोधून नेमक्या जागी जाता येतं.

पंधरा मिनिटं निवडा. युद्धाआधीच्या घरादाराची चार, छळाच्या काळातल्या एकाच प्रसंगाची सात आणि सुटकेनंतरची चार. वेळ कमी पडला की पहिल्या चार मिनिटांवर कात्री चालवली जाते, आणि तिथेच सगळं बिघडतं. ते घर कसं होतं, तिथे सणाला काय शिजायचं, धाकटा भाऊ कुठल्या शाळेत जायचा हे मुलांना ठाऊकच नसेल, तर काय गेलं ते त्यांना कळायचं कसं?

मूळ आवाज बंद करून वर मराठी निवेदन घालू नका. बोलणारा अडखळतो, आईचं नाव घेताना मध्येच आपल्या भाषेत शिरतो, अर्धा मिनिट गप्प बसतो. हे सगळं साक्षीचाच भाग आहे. त्याऐवजी त्या पंधरा मिनिटांचा मराठी तर्जुमा करा, चार-पाच पानांत बसेल. पहिल्या तासिकेत तो वाचून घ्या आणि युरोपच्या नकाशावर जन्मगाव, घेट्टो (ज्यूंना कोंडलेली वस्ती), छावणी, सुटकेचं ठिकाण अशा खुणा करून घ्या. चित्रण दुसऱ्या तासिकेत दाखवा. इंटरनेट आणि आवाज आदल्या दिवशी त्याच खोलीत तपासा. साक्ष मध्येच तुटली की मुलं हसतात, आणि मग वर्ग पुन्हा त्या मनःस्थितीत येत नाही.

तारखेचा अर्थ आधी सांगा. 27 जानेवारी 1945 रोजी सोव्हिएत सैन्य पोलंडमधल्या आउश्विट्झ या नाझी छावणीत पोचलं. या दिवसाला संयुक्त राष्ट्रांनी 2005 साली स्मृतिदिन म्हणून मान्यता दिली. पण त्या दिवशी तिथे जेमतेम सात हजार कैदी उरले होते. सुमारे 56 हजारांना त्याआधीच्या आठवड्यात बर्फातून पश्चिमेकडे हाकलत नेलं होतं. त्यामुळे साक्ष देणारी बाई ‘मी एप्रिलमध्ये जर्मनीतल्या बेर्गेन-बेल्सन छावणीत सुटले’ म्हणाली की मुलं गोंधळतात.

नाझी ज्यूंना सक्तीने लावायला लावत तसे पिवळे तारे मुलांना लावणं, छावणीचं नाट्य बसवणं, प्रेतांच्या ढिगांचे फोटो दाखवणं हे कटाक्षाने टाळा. ‘त्या जागी तू असतास तर?’ हा प्रश्नही नको. कुणालाही त्याचं खरं उत्तर देता येत नाही. ‘या माणसाला तुम्ही काय विचाराल?’ असं विचारा आणि दहा मिनिटं लिहू द्या. ज्याला बाहेर जायचं असेल त्याला न विचारता जाऊ द्या.

साक्षींमध्ये चुका असतात म्हणतात. मग इतिहासाच्या प्रकल्पात त्या वापराव्यात का? – महाविद्यालयीन विद्यार्थी, मडगाव

जरूर वापरा, पण कशासाठी वापरता आहात ते आधी ठरवा. यातलं गाजलेलं उदाहरण आउश्विट्झचंच आहे. प्रेतं जाळायच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांनी, म्हणजे सोंडरकोमांडोंनी, 7 ऑक्टोबर 1944 रोजी उठाव केला. त्यासाठीची स्फोटाची दारू शस्त्रकारखान्यात राबणाऱ्या ज्यू मुलींनी चिमूट-चिमूट चोरून बाहेर काढली होती. येल विद्यापीठाच्या संग्रहासाठी साक्ष देताना एका बाईंनी चार धुराडी उडाल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात एकच दाहगृह निकामी झालं होतं. इतिहासकारांनी साक्ष बाद ठरवली. मुलाखत घेणारे मनोविश्लेषक डोरी लाउब, जे स्वतः लहानपणी या संहारातून वाचले होते, त्यांचं म्हणणं पडलं की जिथे प्रतिकार अशक्य मानला जायचा तिथे तो झाला, याची ही साक्ष आहे. आमच्या मते आकड्यासाठी इतिहासकारांचं ऐकावं, आणि तो स्फोट आतल्या माणसाला काय वाटला हे त्या बाईंकडूनच घ्यावं.

टिपणं काढताना वहीत तीन रकाने आखा. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं, तेव्हा इतरांकडून ऐकलेलं, नंतर वाचून कळलेलं. एकाच वाक्यात तिन्ही मिसळलेले असतात आणि वेगळे करायला वेळ लागतो. शक्य असेल तर जुनी साक्षही ऐका. डेव्हिड बोडर या मानसशास्त्रज्ञाने 1946 साली निर्वासित छावण्यांत तारेवर आवाज टिपणारं यंत्र नेऊन शंभरावर मुलाखती घेतल्या. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. तेव्हा ‘होलोकॉस्ट’ हे नावही रुळलं नव्हतं. बोलणारे काही ठरीव सांगत नाहीत, गोंधळतात, चिडतात.

चुका दाखवून सगळंच खोटं म्हणणारे भेटतील. साठ लाख ज्यू मारले गेले हा आकडा साक्षींवर उभा नाही, हे त्यांना सांगा. लिथुआनियातल्या नाझी हत्यापथकाचा प्रमुख कार्ल येगर याने 1 डिसेंबर 1941 च्या अहवालात तारीखवार आणि गाववार हिशेब देऊन 1,37,346 बळी लिहिले. पोलंडमधल्या चार छावण्यांत आणलेल्यांची 1942 अखेरची बेरीज, 12,74,166, खुद्द नाझींच्या तारेत आहे. ही तार ब्रिटिशांनी टिपली होती.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिलेले पोलिश लोक याच संहारातून वाचलेले होते ना? – एक वाचक, फोंडा

नाही, आणि ही गल्लत फार होते. 1943 ते 1948 या काळात वळिवड्यात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतेक कॅथलिक होते. त्यांना सोव्हिएत राजवटीने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलं होतं आणि ते इराणमार्गे इथे आले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत आसरा दिलेल्या मुलांचंही बव्हंशी तेच. त्यांच्या हालांची नोंद व्हायलाच हवी, पण ती त्यांच्या नावाने.

आपल्याकडच्या इन्क्विझिशनची तुलना या संहाराशी करता येईल का? – एक वाचक, पणजी

तुलना करा, पण फरक सोडू नका. गोव्यातलं इन्क्विझिशन 1560 ते 1812 पर्यंत, मध्ये थोडा खंड पडून, चाललं. ते धर्माच्या नावाने चालणारं न्यायालय होतं. बाप्तिस्मा घेऊन गुपचूप ज्यू धर्म पाळण्याचा आरोप तिथे चाले. नाझींना आजी-आजोबा ज्यू असणं पुरे होतं, धर्म बदलूनही सुटका नव्हती.

साक्षींतला फरक त्याहून मोठा आहे. पणजीतल्या बागेला ज्यांचं नाव आहे, त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्तांचं 1568 मध्ये निधन झालं. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं आणि 1580 मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. गार्सिया ज्यू धर्म मानत होते, ही नोंद झाली ती कैदेतल्या नातलगांच्या जबान्यांतून. ते शब्द छळणाऱ्याच्या लेखनिकाने उतरवले. अशी जबानी वाचताना प्रश्न कुणी विचारला आणि उत्तरासाठी काय केलं, हे आधी पाहावं लागतं.

आमच्याकडे दरवर्षी उतरणाऱ्या एका वृद्ध इस्रायली बाईंना आपल्या मामाचं काय झालं ते शोधायचं आहे. काय मदत करता येईल? – गेस्ट हाउस चालक, पेडणे

त्यांना स्वतःहून काही खोदून विचारू नका. मागितली तेवढीच मदत करा. सुरुवात दोन ठिकाणांहून होते आणि दोन्हीकडे शोध मोफत आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम या संहार-स्मारक संस्थेची मृतांची नामसूची, आणि नाझी छळाच्या बळींची कागदपत्रं जपणारं जर्मनीतलं आरोल्सेन अभिलेखागार. आरोल्सेनच्या ऑनलाइन संग्रहात नाव मिळालं नाही तर त्यांच्याच संकेतस्थळावर शोधाचा अर्ज भरा. उत्तराला महिने लागू शकतात.

बसण्याआधी बाईंकडून मामांचं पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, जन्मगाव आणि युद्धाआधीचा पत्ता कागदावर घ्या. गावाची जुनी नावंही शोधा. विल्नियस हे कुठे विल्नो असतं, कुठे विल्ना. आडनावाचं पोलिश, जर्मन आणि रशियन वळणाचं स्पेलिंग वेगवेगळं टाकून पाहा. जन्मसाल दोन-तीन वर्षं मागेपुढे धरा, कारण छावणीच्या दारात कामाला लायक दिसावं म्हणून पोरांनी वय वाढवून सांगितलं आणि प्रौढांनी कमी करून. तेच खोटं साल कैद्याच्या कार्डावर चढलं.

नामसूचीत मामा नसतीलच, तर याद वाशेमचं साक्षपत्र भरता येतं. एका माणसाला एक पान. त्यावर मृताचा तपशील, भरणाऱ्याचं नाव, नातं आणि सही लागते. फोटो असेल तर तोही जोडता येतो. मामांच्या बायकामुलांसाठी वेगळी पानं भरा. एकाच पानावर सगळं कुटुंब कोंबलं, तर मुलांची नावं स्वतंत्रपणे सूचीत येत नाहीत.