हवाई अंतर आणि विमानाचा वेळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन लहान शहरांमधलं हवाई अंतर अक्षांश-रेखांशांवरून घरी काढता येईल का?

उत्तर : येईल. पाचशे-सातशे किलोमीटरपर्यंत कागद-पेन आणि cos बटण असलेला कॅल्क्युलेटर पुरतो. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किमी. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवाकडे जाताना आखडत जातो. म्हणून त्याला दोन्ही शहरांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने (cos) गुणायचं.

समजा, अक्षांश २० आणि २३ आहेत आणि रेखांशांत ३ अंशांचा फरक आहे. उत्तर-दक्षिण अंतर ३ × १११ = ३३३ किमी. पूर्व-पश्चिम अंतर ३३३ × ०.९३ (२१.५ अंशांचा कोसाइन), म्हणजे ३१० किमी. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ४५५ किमी. कोसाइन विसरलात तर ४७१ येतात. ६० अक्षांशावर हा कोसाइन निम्मा असतो, तिथे ही चूक फारच महागात पडते.

सर्वाधिक घोळ होतो तो अंश-मिनिटांचा. २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.५, २०.३० नव्हे. एवढ्याने २२ किमी इकडचे तिकडे होतात.

प्रश्न : एका ठिकाणी ४५५, दुसरीकडे २८३, तिसरीकडे २४६ असं अंतर दिसतं. खरं कोणतं?

उत्तर : तिन्ही. पहिलं किलोमीटरमध्ये, दुसरं साध्या मैलांत (१.६०९ किमी), तिसरं सागरी मैलांत (१.८५२ किमी). विमानाचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) असेल तर अंतर सागरी मैलांतच घ्या.

प्रश्न : ४५५ किमीला ताशी ५०० किमी वेगाने ५५ मिनिटं लागायला हवीत. तिकिटावर दीड तास का?

उत्तर : ५०० हा टर्बोप्रॉप (इंजिनाला पंखा असलेल्या) विमानाचा वर स्थिरावल्यानंतरचा वेग. चढताना आणि उतरताना तो कमी असतो, शिवाय धावपट्टीच्या दिशेनुसार वळसा पडतो. यासाठी पंधरा मिनिटं धरा, म्हणजे हवेत सत्तर. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून पोहोचल्यावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. दोन्हीकडचं जमिनीवरचं सरकणं त्यात येतं. दोन शहरांची प्रमाणवेळ वेगळी असेल तर तो फरक आधी वजा-अधिक करा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात.

जेट घेतलं तर वेळ निम्मा होईल, ही आशा मात्र धरू नका. एवढ्या अंतरात बराचसा प्रवास चढण्या-उतरण्यातच जातो. घड्याळात दहा-पंधरा मिनिटं वाचली तरी पुष्कळ.

प्रश्न : जाताना वाऱ्याने उशीर झाला, तर येताना तेवढाच वेळ वाचतो ना?

उत्तर : नाही. समोरून ताशी ६० किमी वारा असेल तर ४५५ किमीला ६२ मिनिटं, पाठीमागून असेल तर ४९. बेरीज १११, वारा नसताना १०९. उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

प्रश्न : मग रस्त्याने जावं की विमानाने?

उत्तर : रस्ता हवाई अंतराच्या साधारण सव्वापट धरा, घाट किंवा मोठी नदी मध्ये असेल तर दीडपट किंवा जास्त. विमानाच्या दीड तासात घरापासून विमानतळ, तिथली दीड-दोन तासांची आगाऊ हजेरी, सामानाची वाट आणि उतरल्यावरचा रस्ता मिळवा. विमानतळ शहरापासून तासाभरावर असेल तर ३०० किमीच्या आत गाडीच आधी पोहोचवते.