इतिहासावरच्या व्याख्यानात ऐनवेळी प्रोजेक्टर, माइक किंवा लाइटच गेली तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या वाचनालयात पानिपतावर बोलायचंय, पहिलीच वेळ आहे, साठ स्लाइड तयार आहेत आणि तिथल्या प्रोजेक्टरचा काही भरवसा नाही असं कानावर आलंय. मीही याच विषयावर गावोगाव बोलतो, म्हणून पानिपतच धरून सांगतो.

आधी त्या साठ स्लाइडचं बघू. त्यातली कुठली नसेल तर तुमचं बोलणं अडेल? माझं एकीवरच अडतं, नकाशावर. भाऊसाहेब, विश्वासराव, अब्दाली यांची चित्रं शोभेची आहेत. ती पडद्यावर आली की लोक पगडी न्याहाळत बसतात आणि तुमची दोन वाक्यं फुकट जातात. नकाशाचं मात्र तसं नाही. मराठे दक्षिणेतून गेले म्हणजे ते दक्षिणेला असणार, अब्दाली वरून आला म्हणजे तो उत्तरेला असणार, असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. १४ जानेवारी १७६१ ला प्रत्यक्षात उलटं होतं. मराठे उत्तरेला, पानिपतात. अब्दाली त्यांच्या दक्षिणेला, म्हणजे ते आणि दिल्ली यांच्या मधोमध. हे एकदा डोक्यात बसलं की उपासमार का झाली, सगळा कबिला सोबत घेऊन बाहेर का पडावं लागलं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

तर हा नकाशा हॉलमध्येच मांडायचा. स्टेज म्हणजे पानिपत. समोर बसलेल्यांच्या पाठीमागचं दार म्हणजे दिल्ली, खरं अंतर साधारण ९० किलोमीटर. श्रोत्यांच्या उजव्या हाताची, खुर्च्यांमधली वाट म्हणजे यमुना. तिच्या पलीकडे बसलेले सगळे अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात. असं सांगितलं की हशा पिकतो आणि लोक मान वळवून आपण नक्की कुठे बसलोय ते बघतात. एका गावात यमुनेपलीकडच्या आजी म्हणाल्या, "म्हंजे मी अब्दालीकडं का?" बरोबरच होतं त्यांचं. १७६० चा सबंध पावसाळा अब्दालीचा तळ नदीच्या त्याच अंगाला होता आणि मध्ये पुराचं पाणी.

मग मी दारापासून चालायला लागतो. ऑगस्टात दिल्ली घेतली, ऑक्टोबरात आणखी वर जाऊन कुंजपुरा घेतला, असं बोलत बोलत स्टेजपर्यंत येतो. कुंजपुरा पानिपताच्याही वर, म्हणून पार मागच्या भिंतीला हात लावतो. तेवढ्यात, आधी सांगून ठेवलेला एखादा मुलगा आजींच्या बाजूने उठतो, वाट ओलांडतो आणि हॉलच्या मधोमध येऊन उभा राहतो. ऑक्टोबरच्या अखेरीस बागपताजवळ अब्दालीने यमुना ओलांडली ती अशी. आता मला दाराकडे जायचंय आणि तो मध्ये उभा आहे. पुढे अडीच महिने तो हलत नाही. आजींच्या बाजूला मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत होते, डिसेंबरात तेही मारले गेले. मग धान्य येणार कुठून, हे सांगावं लागत नाही, लोकच बोलतात.

लढाईची मांडणीही तशीच होते. स्टेजवरून दाराकडे तोंड केलं की माझ्या डाव्या हाताला इब्राहिमखान गारदी, मध्ये भाऊ आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे-होळकर. एकदा नेमकी याच वेळी लाइट गेली. मागच्या पोरांनी मोबाइलचे टॉर्च लावले आणि सगळा झोत माझ्या डोळ्यांवर. म्हटलं, राहू द्या तसेच. मराठ्यांची तोंडं दक्षिणेला, जानेवारीतला सूर्यही दक्षिणेकडे कललेला, दुपारनंतर त्यांना समोरचं असंच दिसत असणार. ही गोष्ट एरवी मी एका वाक्यात उरकतो.

यंत्रांचं थोडक्यात. प्रेझेंटेशनची पीडीएफ करून पेनड्राइव्हमध्ये ठेवा, नाहीतर त्यांच्या लॅपटॉपवर तुमचा मराठी फाँट नसला की अक्षरांच्या जागी चौकटी दिसतात. नव्या लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडायची पिन आपली आपण न्या, ती तिथे कधीच नसते. मोडी पत्र दाखवायचं असेल तर मोठ्या कागदावर चार-पाच झेरॉक्स काढा आणि रांगांतून फिरवा. कागद हातात आला की लोक पडद्यापेक्षा जास्त वेळ बघतात. माइक शिट्टी मारायला लागला तर त्याच्यावर टकटक करू नका, स्पीकरच्या समोरून बाजूला व्हा. पूर्णच गेला तर स्टेजवरून खाली उतरा, पंखे बंद करायला सांगा आणि वाक्यं छोटी करा. पंख्यांची घरघर थांबली की मधल्या आकाराच्या हॉलमध्ये साध्या आवाजातही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, तेव्हा माइक कुठे होते?

खरी अडचण होते ती दुरुस्ती चालू असताना. संयोजक टेबलाखाली शिरलेले, साउंडवाला वायरी हलवतोय आणि वक्ता पाण्याचा ग्लास हातात धरून उभा. इथे श्रोते हातचे जातात. या वेळेसाठी मूळ व्याख्यानाबाहेरचा एक विषय राखून ठेवावा. मी संक्रांतीचा ठेवतो. पानिपत मकरसंक्रांतीला झालं असं किती जणांना वाटतं, हात वर करा म्हणतो. जवळजवळ सगळे हात वर येतात, कारण तारीख १४ जानेवारी. पण संक्रांतीची इंग्रजी तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्याही शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे, १० जानेवारीच्या आसपास. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, तेवढी पक्की. म्हणजे पानिपतावर संक्रांत आली खरी, पण सण होऊन गेल्यावर. यावर वाद घालायला कुणीतरी उठतोच, आणि त्याला उठू द्यावं. तेवढ्यात वायर बसते.

आणि नाहीच बसली तर शेवटाला स्लाइड लागतच नाही. नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेलं ते सावकारी पत्र फक्त सावकाश सांगायचं: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती कोण ते मी सांगत नाही. पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच भाऊ आणि विश्वासरावांची नावं घेतं.

एक मात्र सांभाळा. मध्येच लाइट आली की टाळ्या पडतात आणि संयोजक धावत येऊन म्हणतात, "सर, चालू झालं, घ्या स्लाइड!" घेऊ नका. तोवर हॉलचं रणांगण झालेलं असतं, ते मोडून लोकांना परत पडद्याकडे वळवलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. नकाशा प्रश्नोत्तरांच्या वेळी लावा, तेव्हा लोक त्यावर स्वतः बोट ठेवून विचारतात.

आणि आदल्या दिवशी हॉल पाहून या. काही वाचनालयांत दार स्टेजच्याच बाजूला असतं आणि मागे नुसती पुस्तकांची कपाटं. तसं असेल तर दिल्ली कपाटात बसवावी लागेल, आणि नदीसाठी वाट सोडून खुर्च्या मांडायला शिपायाला आधीच सांगावं लागेल.